गाडी विनाकारण थांबवू नये

आमच्या ऑफिसात भिंतीएवढा एक पडदा आहे. त्यावर शहरातल्या सगळ्या बसगाड्या ठिपके होऊन पळत असतात. एखादी गाडी थांब्यावर चाळीस सेकंदांपेक्षा जास्त उभी राहिली की तो थांबा लाल होतो, नाहीतर हिरवा. हा पडदा मी तयार केला. चाळीस हा आकडाही मीच ठरवला, एका हाताने डबा खाता खाता. तेव्हा मला नोकरीला लागून पाच महिने झाले होते आणि आपण शहर सुधारतो आहोत याबद्दल मनात तिळमात्र शंका नव्हती.

बाकीचे थांबे अधूनमधून लाजल्यासारखे लाल व्हायचे. सतरा नंबरचा, पाण्याच्या टाकीचा थांबा मात्र सकाळी सातला जो लाल व्हायचा तो संध्याकाळपर्यंत निर्लज्जासारखा लालच. आधी मला वाटलं, प्रोग्रॅममध्ये चूक आहे. तीनदा तपासलं. चूक प्रोग्रॅममध्ये नव्हती. चूक एका खुर्चीत बसली होती आणि तिला निवृत्त व्हायला सहा महिने उरले होते.

त्या थांब्यावरच्या वाहतूक नियंत्रकाला सगळा डेपो 'जराथांब' म्हणायचा. तोंडावर 'साहेब', पाठीमागे 'जराथांब'. नियंत्रक म्हणजे थांब्यावरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसून गाड्यांच्या वेळा वहीत लिहिणारा माणूस. सव्वीस वर्षं तो तिथेच होता. केबिन दोनदा रंगवून झाली, एकदा बदलून झाली. माणूस तोच.

त्याच सुमारास आमच्या विभागाच्या प्रमुख बाईंनी 'लाल शून्य' नावाचं धोरण जाहीर केलं. माझा पडदा शहरातल्या प्रत्येकाच्या फोनवर गेला. आता कुठला थांबा लाल आहे हे घरबसल्या कुणालाही दिसायला लागलं आणि घरबसल्या लोकांना तेवढंच हवं होतं. सोसायट्यांच्या ग्रुपवर लाल थांब्यांचे फोटो फिरायला लागले. ड्रायव्हरांना हिरव्यासाठी गुण मिळायला लागले आणि ड्रायव्हरांच्या ग्रुपवर कोणामुळे कोणाचे गुण गेले यावरून रोज भांडणं. धोरणात असंही होतं, की महिन्याभरात सगळ्यांत जास्त लाल झालेल्या थांब्याच्या नियंत्रकाची बदली हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत होईल. ही खोली शहराच्या दुसऱ्या टोकाला, तळघरात. तिथे चारशे छत्र्या आणि एक कवळी आहे. कवळी अकरा वर्षांपासून कुणी न्यायला आलेलं नाही.

महिना संपला. पहिला नंबर कोणाचा हे सांगायला नको.

"तिकडे जा, काय चाललंय ते बघ, आणि शुक्रवारी अहवाल दे," बाई मला म्हणाल्या. "तुझी सही झाली की मी बदलीवर सही करते. आणि हे बघ, कारण शोधू नकोस. वेळ मोज."

सोमवारी सकाळी सव्वासातला मी केबिनपाशी पोचले. बुटका, नीटनेटका माणूस, शर्टाच्या बाह्या नेमक्या दोन घड्या घालून वर केलेल्या. टेबलावर वही, घड्याळ, पाण्याची बाटली. मी ओळख सांगितली.

"म्हणजे तो लाल ठिपका तुम्ही काढता?" त्याने विचारलं.

"हो."

"छान काढता. अगदी गोल असतो."

तेवढ्यात आठ नंबरची गाडी आली. जवळजवळ रिकामी. चार माणसं उतरली, दोन चढली. ड्रायव्हर मिशीवाला, घाईत, गिअरवर हात. पंधरा सेकंदांत निघायला तयार. जराथांब शांतपणे उठला, खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, "अरे, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना? कसं काय आता?"

"झालं साहेब. बरी आहे."

"पट्टी काढली?"

"काढली."

"कोणत्या डोळ्याची आधी?"

ड्रायव्हरने हताशपणे त्याच्याकडे पाहिलं. "साहेब, दोन्ही डोळ्यांची विचारपूस तुम्ही गुरुवारी केलीत. माझे गुण चालले."

"अरे, माणुसकी म्हणून विचारतोय. आणि काळा चष्मा घालते का? घालायला हवा. धूळ फार असते."

गाडीतून एका बाईने फोन बाहेर काढला. "अहो, लाल झालं! सगळं शहर बघतंय तुमचा थांबा!"

"बघू दे की, ताई. सव्वीस वर्षांत कुणी बघितलं नव्हतं." मग त्याने मान वळवून रस्त्यापलीकडे कुठेतरी वर पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "जा आता. आईला नमस्कार सांग."

मी घड्याळ बघितलं. बहात्तर सेकंद. वहीत लिहिलं.

पुढच्या गाडीला त्याने हात लावला नाही. त्यानंतरचीला सही करायला वही दिली आणि पेन दिलं. पेन उमटेना. ड्रायव्हरने झटकलं, तोंडाची वाफ दिली. जराथांबने खण उघडून दुसरं पेन दिलं. तेही वाळलेलं. तीस सेकंदांनी तिसरं पेन उमटलं. मी वाकून खणात पाहिलं. एका बाजूला तीन चालणारी पेनं, दुसऱ्या बाजूला रबर लावून बांधलेली अकरा वाळलेली पेनं.

"ही टाकून का देत नाही?" मी विचारलं.

"कामाची आहेत," तो म्हणाला. "नवं पेन वाळवायला दोन महिने लागतात."

दुपारपर्यंत माझ्या वहीत एक तक्ता तयार झाला होता. वाळलेलं पेन, तीस सेकंद. आरसा तिरका झालाय, पंचेचाळीस सेकंद. आईचा डोळा, सत्तर. "मुलीच्या ॲडमिशनचं काय झालं?" हे पूर्ण दोन मिनिटांचं कारण होतं आणि ते तो जपून वापरायचा. मी इंजिनिअर आहे. आळशी माणसं एवढी अचूक नसतात, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

डबा खाताना मी सरळच विचारलं, "काका, आदेश आहे ना तुमच्याकडे? गाडी थांबवू नये म्हणून?"

त्याने वहीच्या पुठ्ठ्याखालून कागद काढला आणि बोट ठेवून वाचला. "'थांब्यावर कोणतीही गाडी विनाकारण थांबवू नये.' मी कुठे विनाकारण थांबवतो? प्रत्येक गाडीला कारण देतो. पूर्वी नुसता हात वर केला की थांबायचे. तुमचे गुण आल्यापासून हाताला किंमत राहिली नाही, म्हणून डोळे, चष्मे, ॲडमिशन काढावी लागतात. माझा घसा दुखतो."

"पण थांबवायचं कशाला मुळात?"

त्याने डब्याचं झाकण लावलं. "आता कुठली गाडी थांबवली मी? भरलेली की रिकामी?"

मी वही बघितली. सगळ्या रिकाम्या.

"भरलेली गाडी उशिरा येते. का? कारण वाटेत प्रत्येक थांब्यावर गर्दी. उशिरा आली म्हणून पुढच्या थांब्यावर आणखी गर्दी. आणखी उशीर. तिच्या मागच्या गाडीला माणसंच उरत नाहीत. ती सुसाट. दोन-चार थांब्यांत ती पुढचीला गाठते. मग दोघी जोडीने. मग तिसरी येऊन मिळते. पुढची खचाखच, मागच्या दोन हवा खात. आणि त्यानंतर अर्धा तास काही नाही. म्हणून मी मागचीला धरतो. थोडंसंच. मग पुढे चौदा थांब्यांवर माणसांना दहा दहा मिनिटांनी गाडी मिळते. बायको सांगते ना, शिवताना दोरा इथे ओढला की कापड तिकडे चुरगळतं. तसंच आहे. तुमचा पडदा जिथे दोरा ओढतात तिथे बघतो. चुरगळलेलं कुठे आहे ते बघत नाही."

मी घास हातात धरून बसले. हे गणित मी कॉलेजात सोडवलं होतं. बारा मार्कांना होतं. बारापैकी अकरा मिळाले होते. पेपरात गाड्यांच्या ऐवजी 'घटक' होते आणि माणसांच्या ऐवजी बाण होते, म्हणून रस्त्यावर समोर आलं तेव्हा ओळखलं नाही.

"आणि एक सांगू का, इंजिनिअरबाई?" तो म्हणाला. "तुमच्या फोनने आणखी वाढवलंय. पूर्वी लोक थांब्यावर थेंब थेंब यायचे. आता घरात बसून ठिपका बघतात आणि दोन मिनिटं राहिली की सगळे एकदम खाली. बादली ओतल्यासारखे. एका दारातून चाळीस माणसं एका मिनिटात कशी चढणार? मग तुमचे चाळीस सेकंद."

ही गोष्ट मात्र माझ्या कुठल्याच पेपरात नव्हती.

मंगळवारी मी त्याच्या मानेवर लक्ष ठेवलं. प्रत्येक गाडीच्या आधी तो मान वळवून रस्त्यापलीकडे वर बघत होता. तिथे पहिल्या मजल्यावर एक खिडकी, खिडकीत शिलाई मशीन आणि दांडीवर एक कापड. पांढरं होतं. थोड्या वेळाने निळं झालं. निळं झालं तसे मागून आलेल्या गाडीला आरशाचे पंचेचाळीस सेकंद लागले.

मी जिना चढून वर गेले. कपडे दुरुस्त करून देणाऱ्या बाईचं दुकान-घर एकत्रच. सगळीकडे पडदे, गणवेश, उसवलेल्या चेनच्या पँटी. बाईंनी तोंडात दोन टाचण्या धरूनच मला न्याहाळलं.

"लाल ठिपकेवाली का?" टाचण्या काढून त्या म्हणाल्या. "ये, बस. त्या उशीच्या अभ्र्यावर बसू नकोस, तो सरकारी कामाचा आहे."

त्या जराथांबची बायको होत्या, हे सांगायची गरज पडली नाही. खिडकीतून टाकीच्या उताराच्या पलीकडे, पुलाच्या तोंडापर्यंत सगळा रस्ता दिसत होता. खालच्या केबिनमधून तो वळणामुळे दिसत नाही आणि पुलाखाली माझे ठिपके मिनिटभर गायब होतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्यासाठी मी एक नवीन यंत्र मागवलं होतं. फाइल मंजुरीला होती.

"पांढरा अभ्रा म्हणजे एकटीच गाडी," काकू म्हणाल्या. "निळा म्हणजे मागे लगेच दुसरी आहे, हिला सोड, तिला धर. चौकटीचा म्हणजे मागे लांबवर काहीच नाही, सगळ्यांना चढू दे. बावीस वर्षं चाललंय. त्याआधी मी हाक मारायचे, पण शेजारच्यांनी तक्रार केली."

"हे ऑफिसात कुणाला माहीत आहे?"

"ऑफिसात सांगितलं असतं तर अभ्र्यांसाठी निविदा काढली असती."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. मशीनचं चाक हाताने धरून खाली पाहत म्हणाल्या, "बदली होणार म्हणे यांची. तळघरात. छत्र्या मोजायला."

"शुक्रवारी ठरेल."

"ठरव बाई, तुझं काम आहे. घरात हा माणूस मला पाच शब्द बोलू देत नाही, 'जरा थांब' म्हणतो. पण सव्वीस वर्षं दिवसभर समोर बसलेला असतो. मान वर केली की दिसतो. पाच महिने राहिलेत. त्यांनाही बिनकामाचं घरी बसण्याआधी तेवढे हवेत." त्यांनी चाक फिरवलं. "आणि मला तिकडच्या छत्र्यांमध्ये नाही बघता येणार इथून. एवढंच."

बुधवारी मी बाईंना सगळं सांगितलं. आकडे दाखवले, अभ्रे मात्र लपवले. बाई हुशार आहेत. त्यांना समजायला चार मिनिटं लागली आणि पाचव्या मिनिटाला त्यांनी मान हलवली.

"तू म्हणतेस ते बरोबर असेल. पण लाल शून्य तीन लाख फोनांवर आहे. तीन लाख लोकांना मी काय सांगू? की हा लाल चांगला लाल आहे? रोज सकाळी दहा नगरसेवक मला त्या थांब्याचा फोटो पाठवतात. एक जण तर चाळीस सेकंदांच्या आधीच पाठवतो."

"एक दिवस त्यांच्याशिवाय चालवून बघू या का, मॅडम? फक्त उद्या."

"चालव," बाई म्हणाल्या. "हिरवा झाला तर विषय संपला."

तेव्हा मला वाटलं होतं, मी फार चलाखीचा डाव टाकला आहे.

जराथांबला रजा घ्यायला लावणं सोपं गेलं नाही. त्याची एकशे एकोणचाळीस रजा शिल्लक होती आणि एकही कमी करायची त्याची तयारी नव्हती. शेवटी काकूंनी आदेश काढला. गुरुवारी सकाळी सातला तो वर खिडकीत बसला होता, गळ्यात मोजपट्टी, हातात कुणाचा तरी गणवेश, चेहरा उपाशी माणसासारखा. मी खाली केबिनमध्ये. सूचना अशी होती की मी कुणालाही थांबवायचं नाही. अभ्रेही लावायचे नाहीत.

आणि आठ वाजेपर्यंत सतरा नंबरचा थांबा हिरवागार झाला.

मी फोनकडे बघतच राहिले. गाड्या येत होत्या, वीस सेकंदांत जात होत्या. पलीकडे बाविसावा थांबा लाल झाला, मग तेविसावा, मग पंचविसावा. नऊ वाजता पुढच्या चौदापैकी अकरा थांबे लाल होते. पण शहराला त्याचं काय? शहर गेला महिनाभर एकाच थांब्याकडे बघत होतं. 'टाकी हिरवी!' असा फोटो ग्रुपाग्रुपांत फिरला. दहाही नगरसेवकांनी अभिनंदन पाठवलं. ऑफिसातून निरोप आला की बाई स्वतः येत आहेत, फोटोग्राफर घेऊन. हिरव्या थांब्यावर, बसच्या दारात उभं राहून फोटो.

माझा डाव माझ्याच अंगावर आला होता.

बाई दहा वाजून पाच मिनिटांनी आल्या. फोटोग्राफरने त्यांना थांब्याच्या पाटीखाली उभं केलं. फक्त बस यायची होती.

बस आली नाही.

दहा वाजून बारा. बाईंनी घड्याळ पाहिलं. दहा वाजून वीस. थांब्यावर तीस माणसं जमली, मग पन्नास. फोनवर थांबा हिरवा ठणठणीत. साहजिक होतं. गाडीच नाही म्हटल्यावर उभी कोण राहणार? माझ्या प्रोग्रॅमच्या मते बस न येणारा थांबा हा शहरातला सर्वोत्तम थांबा होता. हे मला त्या फूटपाथवर, भर उन्हात, बाईंच्या शेजारी उभं असताना कळलं.

"आज सकाळपासून असंच चाललंय," मागून एक आजोबा म्हणाले. "येतात तर तीन येतात, नाहीतर एकही नाही."

"आणि या बाई बघा, फोटो काढायला आल्यात!" दुसरं कुणीतरी बोललं. वीसेक फोन वर झाले. आता फोटोग्राफर एक नव्हता.

"कंट्रोलर कुठे आहे इथला?" बाईंनी दात न उघडता मला विचारलं.

उत्तर वरून आलं. "रजेवर!" काकू खिडकीतून वाकून ओरडल्या. "तुम्हीच दिलीत!"

बाईंनी वर पाहिलं. काकूंच्या शेजारी, मोजपट्टी गळ्यात घातलेला, खुर्चीच्या कडेवर आलेला एक माणूस उताराकडे टक लावून बसला होता. मग तो उठला. जिन्यावर पावलं वाजली आणि तो मोजपट्टीसकट रस्त्यावर आला.

"तीन आहेत," तो मला म्हणाला. बाईंना त्याने पाहिलंच नव्हतं. "पहिली फुटायला आली आहे. तिला सोडू. मागच्या दोन धरायच्या. पेनं काढ."

सव्वीस मिनिटांनंतर तीन गाड्या एकामागून एक वळणावर दिसल्या. पहिलीच्या दारात माणसं लटकत होती, तिसरीत ड्रायव्हरशिवाय कुणी नव्हतं. सगळी गर्दी पहिलीवर धावली. "मागे दोन रिकाम्या आहेत!" तो ओरडला. काहींनी ऐकलं, वळले. पहिली गेली. दुसरीच्या ड्रायव्हरला मी पेन दिलं, वाळलेलं. तिसरीवर आपला मिशीवाला होता. त्याने जराथांबला पाहताच काचा वर करायला सुरुवात केली.

"आई बरी आहे! दोन्ही डोळे बरे आहेत! चष्मा घालते!" तो आतून ओरडला.

जराथांबचं हे कारण संपलं होतं. दुसरी गाडी जायला तीस सेकंद, मग हिला किमान पाच मिनिटं धरायला हवी होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि प्रथमच बाईंवर त्याची नजर पडली. मी शपथेवर सांगते, त्याच्या डोळ्यांत तेव्हा आदर नव्हता. सुताराला हवं तेवढं लाकूड सापडावं तसा आनंद होता.

"खाली उतर," तो ड्रायव्हरला म्हणाला. "मुख्य बाई आल्यात. तुझ्याशी बोलायचंय त्यांना."

ड्रायव्हर घाबरून उतरला, टोपी सारखी केली. बाई जराथांबकडे वळून दबक्या आवाजात म्हणाल्या, "मला? काय बोलायचंय मला?"

"काहीही. पाच मिनिटं."

"पण काय विचारू?"

"आईच्या डोळ्याचं विचारा."

आणि आमच्या विभागाच्या प्रमुख, लाल शून्य धोरणाच्या जनक, भर रस्त्यात ड्रायव्हरला म्हणाल्या, "आई कशी आहे तुमची? डोळे... डोळे बरे आहेत ना?"

ड्रायव्हरने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा जराथांबकडे. "मॅडम," तो खचलेल्या आवाजात म्हणाला, "तुम्हीसुद्धा?"

वरून काकूंच्या हसण्याचा आवाज आला. मग सगळा थांबा हसला. बाईसुद्धा हसल्या, थोडं उशिरा. पाच मिनिटं अशीच गेली, थांबा लालबुंद झाला. दुपारी दोनपर्यंत पुढचे अकराच्या अकरा थांबे हिरवे झाले. बाई तोवर वर काकूंच्या दुकानात बसून होत्या. अभ्रे त्यांना तिथेच दाखवले. त्यांनी तिन्ही हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाल्या, "धोरण मागे घेता येणार नाही. पण लाल म्हणजे काय, हे कुठे कोरून ठेवलंय?"

कुठेच नव्हतं. ते मी डबा खाता खाता ठरवलं होतं. शुक्रवारी अहवालाऐवजी मी प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली. गाडी किती वेळ उभी राहिली हे मोजायचं सोडून दोन गाड्यांमध्ये माणसाला किती वेळ वाट बघावी लागली हे मोजायला लागले. सोमवारी शहरातल्या फोनांवर नवीन रंग आले. बाईंनी त्याला 'लाल शून्य, टप्पा दोन' असं नाव दिलं, जणू टप्पा एक मुद्दामच तसा होता. टाकीचा थांबा सगळ्यांत हिरवा. बदली रद्द.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण यश आलं की ऑफिसला ते सगळीकडे पसरवायची घाई होते. तीन आठवड्यांत परिपत्रक निघालं: 'गाडी थांबवण्याची मान्य कारणे'. त्यात पेन होतं, आरसा होता, 'कुटुंबीयांच्या प्रकृतीची विचारपूस (कमाल सत्तर सेकंद)' होती. सगळ्या थांब्यांवरचे नियंत्रक ड्रायव्हरांच्या आयांची चौकशी करायला लागले. रिकामी गाडी असो की भरलेली, कारण द्यायचंच. मिशीवाल्याने सांगितलं, की एका फेरीत त्याच्या आईची नऊ वेळा विचारपूस झाली आणि नवव्या वेळी त्यालाच काळजी वाटून त्याने घरी फोन केला. डेपोतली सगळी चालणारी पेनं संपली. लोकांनी ती वाळवायला घेतली होती.

गाड्यांच्या वेळा पुन्हा बिघडल्या. मग ऑफिसच्या लक्षात आलं, की कारणं महत्त्वाची नाहीत, कोणती गाडी आणि केव्हा हे महत्त्वाचं. ते शिकवायला माणूस हवा. एकच होता. आदेश तयार झाला: सतरा नंबरच्या नियंत्रकाला पदोन्नती, प्रशिक्षण केंद्रात बदली. प्रशिक्षण केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, तळघराच्या बरोबर वर.

हे मी त्याला जाऊन सांगितलं. तो खूश होईल असं मला क्षणभर वाटलंही. त्याने खिडकीकडे पाहिलं. पांढरा अभ्रा होता.

"किती दिवस लागतात अशा आदेशाला?"

"माझ्या टेबलावरून जाईल. मी तांत्रिक शेरा लिहिला की बाईंची सही. दोन दिवस."

"चार महिने राहिलेत माझे," तो म्हणाला. "शिकवायचं तर या सगळ्यांना इथे पाठव. एकेक दिवस बसतील, मान कुठे वळवायची ते बघतील. केंद्रात खिडकीच नाही, काय शिकवू?" मग जरा ओशाळून म्हणाला, "फाइल ती. तिला जरा..."

वाक्य त्याने पुरं केलं नाही. खण उघडला, रबर सोडलं आणि एक पेन माझ्या हातावर ठेवलं. निवडून. सगळ्यांत जुनं.

नियंत्रक एकेक करून टाकीच्या थांब्यावर जाऊन बसायला लागले, हे मी कुणालाही न विचारता सुरू केलं. फाइल माझ्या टेबलावर राहिली. विचारणा आली की मी शेरा लिहायला घ्यायचे आणि पेन उमटायचं नाही. पाठपुरावा करणाऱ्या कारकुनाला मी त्याच्या आईबद्दल विचारायचे. आई गावाला होती, गुडघे दुखायचे, बोलण्यासारखं बरंच होतं.

तीन महिन्यांनी बाईंनी फाइलसकट बोलावलं.

"तीन महिने?" त्या म्हणाल्या. "विनाकारण?"

"कारण आहे, मॅडम." मी पेन टेबलावर ठेवलं.

त्यांनी ते उचललं, समोरच्या कोऱ्या कागदावर एक रेघ ओढून पाहिली. काही उमटलं नाही. पुन्हा ओढली. मग पेन आपल्या खणात टाकलं, खण बंद केला आणि फाइल माझ्याकडे सरकवली.

"नवीन पेनं मागवली आहेत," त्या म्हणाल्या. "महिना लागेल म्हणतात."

त्याच्या शेवटच्या दिवशी मी सुट्टी काढून थांब्यावर गेले. सगळं रोजच्यासारखं. संध्याकाळी साडेपाचला त्याची पाळी संपली, नवीन नियंत्रक आला, वहीवर सह्या झाल्या. मी सहज खिडकीकडे पाहिलं. दांडीवर पांढरा, निळा आणि चौकटीचा असे तिन्ही अभ्रे एकदम लावलेले होते.

"काका, हे माझ्या तक्त्यात नाही. याचा अर्थ काय?"

त्याने शर्टाच्या बाह्या खाली केल्या. "म्हणजे पुरे झालं, आता वर या."

पण तो हलला नाही. उताराकडे कान लावून उभा राहिला. मग खिडकीकडे बघून हाताने खूण केली: जरा थांब, ही एक गाडी जाऊ दे.

खिडकीतून काकू ओरडल्या, एवढ्या मोठ्याने की शेजारच्यांनी नक्की पुन्हा तक्रार केली असेल.

"कारण काय?"

तो खणाकडे वळला, रबरात उरलेल्या दहा पेनांतून एक काढलं आणि दोन्ही हात वर करून, सगळ्या रस्त्याला दिसेल असं, ते झटकायला लागला.